कमाटीबाग, तुळस आणि आजव्याचं पाणी: बडोद्यातले तीन दिवस

बडोद्याला जायचं तर जानेवारीत. सकाळी सातला विश्वामित्री नदीवर धुकं असतं, दुपारी स्वेटर कमरेला गुंडाळावा लागतो आणि मंडईत तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागलेले असतात. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. रात्री रेल्वेत बसलं की पहाटे बडोदं.

या खेपेला महाल आणि संग्रहालयं मागे ठेवून झाडं बघायची होती. निमित्त शहराच्या नावाचंच. इ.स. 812 च्या राष्ट्रकूट ताम्रपटात या गावाचं नाव वडपद्रक असं येतं, म्हणजे वडाचं गाव. याच गावात सयाजीराव गायकवाड वाढले. तरुण अरविंद घोष तेरा वर्षं इथे राहिले, विनोबा इथे शिकले आणि डॉ. आंबेडकरांनी आयुष्यातले सर्वांत कडू तास इथल्या एका बागेत काढले. चौघांच्या चरित्रांत बडोदं येतं ते दरबार, कॉलेज, नोकरी या अंगाने. झाडांच्या अंगाने बघितलं तर काय दिसतं, ते बघायचं होतं.

पहिला दिवस: कमाटीबाग

स्टेशनपासून काळ्या घोड्यापर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटं. काळा घोडा म्हणजे सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा, पण बडोदेकर पत्ता सांगताना स्वाराला सोडून घोड्याचंच नाव घेतात. शेजारीच बागेचं दार. कागदावर सयाजीबाग, बोलण्यात कमाटीबाग. क्षेत्र 113 एकर, काठाला विश्वामित्री.

बाग सयाजीरावांनी केली असं सगळे सांगतात. तारखा जुळवल्या की चित्र थोडं बदलतं. बाग लोकांना खुली झाली 8 जानेवारी 1879 रोजी. सयाजीरावांचा जन्म मार्च 1863 चा. म्हणजे तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते आणि राज्याची सूत्रं हाती यायला अजून जवळजवळ तीन वर्षं होती. कारभार बघत होते दिवाण सर टी. माधवराव. (हे माधवराव तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.) मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ, म्हणजेच पुढचे सयाजीराव, 1875 मध्ये दत्तक आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. पुढची काही वर्षं मुलगा अक्षरं गिरवत होता आणि नदीकाठी बाग आखली जात होती. दोघं बरोबरीनं वाढले म्हणायचे.

सयाजीरावांच्या कारभाराची एक सवय पुढे वारंवार दिसते: आधी वाफ्यात रोप, मग शेतात लावणी. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी एकदम राज्यभर लावलं नाही. 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि 1906 मध्ये संपूर्ण राज्याला लागू केलं. मधली तेरा वर्षं रोप तग धरतंय का, ते बघण्याची. राजवाड्यात वाढलेल्या राजपुत्राला इतका धीर धरवला असता का, शंका आहे. पेरलेलं उद्या उगवत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

सकाळी आठच्या आत पोहोचलं तर माळ्यांची कामं चालू असतात, आणि ती बघण्यासारखी. फुलांच्या घड्याळाभोवती गर्दी जमते ती काट्यांसाठी. खरं काम पानांचं असतं. तबकडीचा व्यास 20 फूट, यंत्र जमिनीखाली. अशा घड्याळावर उंच वाढणारं काहीही चालत नाही. अल्टरनंथेरासारखी बुटकी, रंगीत पानांची झाडं चार-चार इंचांवर दाट लावायची, दहा-पंधरा दिवसांनी कात्रीने सपाट छाटायची आणि उंची तीन-चार इंचांपुढे जाऊ द्यायची नाही. पावसाळ्यात एक छाटणी चुकली की शेंडे काट्याला अडतात आणि घड्याळ मागे पडतं. तबकडी बघणाऱ्याच्या बाजूला उतरती ठेवतात. तशी ठेवली की आकडे लांबून दिसतात आणि पाणीही साचत नाही, कारण पाणी मुरून खालच्या खोलीत उतरलं तर यंत्र गंजतं. बारीक भोकांची झारी, पहाटेची वेळ. नळीचा जोरदार फवारा मारला की माती उघडी पडते आणि आठवडाभरात आकड्यांच्या कडा फिसकटतात.

खुरपं घेऊन बसलेल्या एका माळीकाकांना विचारलं, सगळ्यात जास्त झाडं कशानं मरतात? मान वर न करता उत्तर आलं, "घणुं पाणी." म्हणजे जास्त पाणी. मग आमचं मराठी ऐकून मराठीत: "लोकांना वाटतं, पाणी म्हणजे माया."

या बागांशी जोडलेलं, आणि महाराष्ट्रात जवळजवळ अनोळखी असलेलं एक नाव आहे: गुस्ताव हर्मान क्रुम्बिगेल. जन्म 1865, ड्रेस्डेनजवळचा. लंडनच्या क्यू बागेत काम करत असलेल्या या जर्मन माळ्याला सयाजीरावांनी 1893 मध्ये बडोद्याच्या बागांसाठी आणलं. पंधरा वर्षांनी, 1908 मध्ये, तो म्हैसूर संस्थानात गेला आणि बंगळूरच्या लालबागेचा कारभारी झाला. आज बंगळूरच्या रस्त्यांवर एक झाड फुलून संपतं तोवर दुसरं फुलतं. त्या फुलोऱ्याच्या साखळीचं श्रेय त्यालाच देतात. भारतातला उन्हाळा, भारतातली माती आणि भारतातले माळी यांच्याशी त्याची पहिली ओळख मात्र बडोद्याची.

ही साखळी आपल्या सोसायटीच्या रस्त्यालाही जमते. महाराष्ट्र-गुजरातच्या हवेला साधारण असा क्रम लागतो: जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पांगारा, मार्चपासून नीलमोहर, एप्रिल ते जून बहावा, ताम्हण आणि गुलमोहर, पावसात कदंब, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सातवीण आणि बुच, हिवाळ्याच्या तोंडाशी कांचन. हमखास होणारी चूक म्हणजे सगळे गुलमोहरच लावतात, कारण तो लवकर वाढतो. त्याची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. पदपथाला लागून लावलेला गुलमोहर फरशा उचलतो आणि वादळात आधी तोच आडवा होतो. मोठ्या झाडांत किमान 25 फूट अंतर ठेवावं, वरून वीजतारा जात असतील तिथे कांचन किंवा ताम्हण. सातवीण रात्री इतकी घमघमते की काहींचं डोकं उठतं. ती खिडकीपासून लांबच बरी.

ऊन चढल्यावर संकल्प भूमीकडे, म्हणजे आंबेडकरांच्या आठवणीने जपलेल्या वडाकडे. इथे पोहोचल्यावर सहलीचा सूर उतरतो.

सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून, लंडनमधलं शिक्षण अर्धवट ठेवून आंबेडकर 1917 मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम मिळालं, पण राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली आणि संध्याकाळच्या आत खोली सोडायला सांगून गेली. त्यांनी दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही वेगवेगळ्या शब्दांत नकार दिला. तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास कुठे काढायचे? त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की ते कमाटीबागेत जाऊन बसले, सुन्न मनानं, आईवडिलांची आठवण काढत. आठ वाजता बागेतून उठले, गाडी करून पथिकाश्रमात गेले, सामान घेतलं आणि स्टेशन गाठलं.

त्यांच्या त्या लिखाणात येते ती बाग. वडाखाली बसून समाजाच्या मुक्तीचा संकल्प केला, ही आठवण लोकांनी जपली आहे. 23 सप्टेंबर हा दिवस संकल्प दिन म्हणून पाळला जातो आणि 2022 मध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने या वडाच्या आवाराला राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक करण्याची शिफारस केली. आम्ही गेलो तेव्हा भंडाऱ्याहून आलेलं एक कुटुंब बसलं होतं. आजी पारंबीला हात लावून नातीला म्हणत होत्या, "इथं बाबासाहेब बसले होते गं." नातीनं विचारलं, "मग त्यांना इथून कुणी उठवलं नाही?"

तिच्या प्रश्नात सगळं आलं. संस्थानानं मोठा पगार दिला, हुद्दा दिला, पण शहरातलं एकही घर त्यांच्यासाठी उघडलं नाही. उघडी होती फक्त बाग, कारण ती कुणा एकाची नव्हती. मुंबई कायदे मंडळात 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने सर्वांना खुले असावेत, असा. त्या ठरावाच्या आधारावर 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतलं. त्या यादीतला "धर्मशाळा" हा शब्द बडोद्याच्या वडाखाली उभं राहून वाचला तर वेगळाच लागतो.

आता वडाबद्दल थोडं, कारण स्मारकांच्या ठिकाणी भक्तीच्या भरात झाडाचे हाल होतात. वडाला पार बांधताना बुंध्याभोवती मातीचा भराव अर्ध्या फुटापेक्षा जास्त चढवू नये. मुळांना हवा मिळत नाही आणि झाड दहा-पंधरा वर्षं हळूहळू मरत राहतं. त्या वेळी पाराचा दोष कुणाच्या ध्यानातही येत नाही. काँक्रीट बुंध्यापासून निदान पाच फूट लांब. फांदी आडवी लांब गेली असेल तर तिला लोखंडी टेकू देण्याआधी तिची पारंबी जमिनीत उतरवून बघावी. चार-पाच इंच जाडीचा पोकळ बांबू उभा चिरायचा, आत माती आणि शेणखत समसमान भरायचं, पारंबीचं टोक आत सोडून पुन्हा बांधायचं आणि उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी द्यायचं. पारंबी जमिनीत रुजली की तिचा खांब होतो. पारंब्या रस्त्यात येतात म्हणून सरसकट कापणं म्हणजे झाडाचे पुढचे शंभर वर्षांचे पाय कापणं. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचा मूळ बुंधा रोगामुळे 1925 मध्येच काढावा लागला. ते झाड तेव्हापासून पारंब्यांवरच उभं आहे.

जाणाऱ्यांसाठी: बाग निवांत बघायला तीन तास लागतात आणि बागेतलंच संग्रहालय धरलं तर अर्धा दिवस. नदीच्या उतारावर अजिबात उतरू नये. विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि एक-दोन नव्हे, शेकड्यांनी. हिवाळ्यात त्या काठावर ऊन खात पडलेल्या असतात. पुलावरून दिसतात तेवढ्या पुरेत. झाडांची नावं विचारताना एक घोटाळा होतो. गुजरातीत आसोपालव म्हणजे आपला खोटा अशोक, आणि रायण म्हणजे खिरणी.

संध्याकाळी सेव उसळ. मराठी उसळीनं गुजरातेत येऊन सेव आणि तिखट तर्री अंगावर घेतली, त्याचं हे फळ. पाव वेगळा मागून घ्यावा आणि तर्री बाजूला मागावी, नाहीतर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम बदलतो.

दुसरा दिवस: दांडिया बाजार, कॉलेज, लक्ष्मी विलास

दांडिया बाजार हा जुना मराठी वस्तीचा भाग. एका वाड्याच्या दारात तुळशीवृंदावन दिसलं म्हणून थांबलो, तर काकूंनी आत बोलावून चहा दिला. त्यांचं मराठी ऐकत राहावं असं: वाक्य मराठी, मध्येच गुजराती "ने", आणि प्रत्येक भाजीचं नाव दोन्ही भाषांत. तुळस मात्र सुकत चालली होती. खालची पानं पिवळी, खोड तळाशी काळं.

तुळशीवरून विनोबांकडे जायला एक पाऊल. विनायक नरहर भावे, जन्म 1895, गागोदे. वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच बडोद्याला आले, शाळा आणि कॉलेज इथेच. भूक लागून जेवायला मागितलं की आई आधी विचारायची, तुळशीला पाणी घातलंस का? नसेल घातलं तर आधी ते, मग ताट. विनोबांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली. वरवर बघितलं तर ही घरोघरची शिस्त. पण "आधी दुसऱ्या जिवाला, मग मला" हे ज्याला रोज जेवायच्या आधी करावं लागलं, त्यानं 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि पहिल्याच दिवशी 100 एकरांचं दान मिळवलं. यातला दुवा आम्ही ओढूनताणून लावत नाही. विनोबा स्वतःच आपल्या घडणीचं श्रेय आईला देत. पवनारच्या आश्रमात बैलांशिवाय, नुसत्या कुदळ-फावड्यावर त्यांनी केलेल्या शेतीला ते ऋषिशेती म्हणत. मातीला हात लावल्याशिवाय भाकरीवर हक्क नाही, हे त्यांचं म्हणणं, आणि ते त्यांनी स्वतः घाम गाळून करून बघितलं.

काकूंच्या तुळशीचं निदान सोपं होतं. रोज सकाळी देवाचं म्हणून तांब्याभर पाणी, आणि वृंदावनाचं तळाचं भोक बुजलेलं. थंडीत तुळस फार पाणी पीत नाही. बोटाचं पहिलं पेर मातीत घालावं, कोरडं निघालं तरच पाणी. रोजच्या पूजेला पळीभर पुरे. माती दोन भाग, शेणखत एक भाग, वाळू एक भाग. कुंडी किमान दहा इंची, तळाला खापऱ्या. मंजिऱ्या तपकिरी व्हायच्या आधीच खुडाव्यात. झाड बी धरायला लागलं की पानं लहान होतात आणि झाड लवकर म्हातारं होतं. दोन-चार मंजिऱ्या मात्र वाळू द्याव्यात, बियांसाठी. खोड तळाशी काळं पडलं असेल तर त्या झाडावर वेळ घालवू नये. वरचे हिरवे शेंडे चार इंचांचे कापून, खालची पानं काढून ओल्या वाळूत लावावेत. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे देवालाही कमीच द्यायचं?" यावर उत्तर सुचलं नाही.

जवळच अरविंद निवास. अरविंद घोष इंग्लंडहून परतून 1893 मध्ये, विशीत, संस्थानच्या नोकरीत आले आणि 1906 पर्यंत बडोद्यात राहिले. बडोदा कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवलं. हा माणूस पुस्तकांतला. मुंबईहून रेल्वेने पुस्तकांच्या पेट्याच्या पेट्या यायच्या. झाड त्यांना उशिरा भेटलं, तेही तुरुंगात. 1908-09 मध्ये अलीपूरच्या कोठडीत वर्षभर ठेवलं होतं. कोठडीसमोर एक झाड होतं. सुटल्यावर 30 मे 1909 च्या उत्तरपाड्याच्या भाषणात त्यांनी सांगितलं की त्या झाडाखाली फिरताना ते झाड राहिलं नाही, वासुदेव दिसला. बडोद्यात असताना ते नर्मदाकाठी चांदोदला योगी ब्रह्मानंदांच्या दर्शनाला जात. त्या वाटेची सुरुवात तिथे शोधता येईल, पण चांदोद या सहलीत बसलं नाही.

कॉलेजचा घुमट बाहेरूनच बघितला. अरविंद इथे शिकवत होते, विनोबा इथे शिकले. दोघांची गाठ पडली नाही, एक गेल्यावर दुसरा आला. विनोबांनी 1916 मध्ये प्रमाणपत्रं घरच्या चुलीत घातली आणि मुंबईला परीक्षेला निघालेली गाडी सुरतेला सोडून काशी धरली.

दुपारी लक्ष्मी विलास. महाल 1890 मध्ये पुरा झाला, भोवतालच्या बागेची आखणी विल्यम गोल्डरिंग या, क्यू बागेत काम केलेल्या इंग्रजाची. मध्ये मोकळी हिरवळ, कडेने झाडांचे गट, वळणाच्या वाटा, असा इंग्लंडचा साचा. डोळ्यांना छान, पण हिशेब करून बघा. मे महिन्यात बडोद्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा हिरवळ हिरवी ठेवायला दर चौरस मीटरला दिवसाला साधारण 5 लिटर पाणी लागतं. म्हणजे एका एकराला 20,000 लिटर, रोज. इंग्लंडात हे काम पाऊस फुकट करतो. घरी हिरवळ करायची हौस असेल तर आधी हा गुणाकार करावा आणि मग ठरवावं. गवत लावायचंच तर दूर्वेच्या जातीचं. उन्हाळ्यात ते दोन इंचांपेक्षा खाली कापू नये, मुळं भाजतात.

महाल सोमवारी बंद असतो. आवारात वानरं आहेत, हातात खाऊ धरून चालू नये. आमच्या पुढच्या एका पाहुण्याचा लीलो चेवडो पिशवीसकट झाडावर गेला.

रात्री लिलवा कचोरी आणि पोंक. लिलवा म्हणजे तुरीचे कोवळे हिरवे दाणे, फक्त हिवाळ्यात मिळणारे. पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडा, सेव आणि लिंबू घालून. कचोरीच्या सारणात दाणे भरड वाटलेले असावेत. गुळगुळीत वाटले की पाणी सुटतं आणि पारी तेलात फुटते.

तिसरा दिवस: आजवा

लक्ष्मी विलासच्या हिरवळीचा गुणाकार डोक्यात घेऊन आजव्याला गेलं तर तलाव जास्त कळतो. शहरापासून सुमारे वीस-बावीस किलोमीटर. रिक्षा येण्याजाण्याची ठरवूनच न्यावी, परतीला वाहन मिळण्याची खात्री नसते. आम्ही हे शिकलो ते भर उन्हात तासभर पायी आल्यावर.

आजव्याचा हा तलाव म्हणजे सयाजी सरोवर. ते 1892 पर्यंत बांधून झालं, शहराला प्यायला स्वच्छ पाणी देण्यासाठी. लांबलचक मातीचा बांध, आणि तलाव शहरापेक्षा उंचावर, म्हणून पाणी उताराने आपोआप शहरात जात असे. पंपाशिवाय, कोळशाशिवाय. पाटाचं पाणी बघत वाढलेल्याला हा विचार जवळचा वाटला असेल. तलाव झाल्यावर सात वर्षांत 1899-1900 चा दुष्काळ आला, गुजरातेत ज्याला छप्पनियो म्हणतात, विक्रम संवत 1956 म्हणून. सयाजीराव दुष्काळी भागात फिरले आणि त्या दौऱ्यावरची त्यांची टिपणं 1901 मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. बागा-महालांच्या फोटोंपेक्षा त्या पुस्तकातला राजा कवळाण्याला जास्त जवळचा.

बांधाला 62 दरवाजे. पावसाळ्यात तलाव भरला की पाणी विश्वामित्रीत सोडावं लागतं, आणि विश्वामित्री पावागडाकडून येऊन शहराच्या मधूनच जाते. ऑगस्ट 2024 च्या पुरात ती वस्त्यांत शिरली, मगरी रस्त्यावर आल्या, कमाटीबागही बुडाली. बांधावर भेटलेले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "हाच तलाव पाजतो नि हाच बुडवतो, कुणावर रागवायचं?" पूर ओसरल्यावर बागेत पहिल्या आठवड्यात करायचं काम एकच: गाळ खरवडणं. हिरवळीवर इंचभर गाळ वाळला की त्याचा पापुद्रा होतो आणि खालचं गवत गुदमरतं. झाडांच्या बुंध्याशी साठलेला गाळ तर आधी काढायचा, जुनी जमीन दिसेपर्यंत. पुरानंतर लगेच खत घालू नये. कुजलेल्या मुळांना ते पोसत नाही, जाळतं. नवी पालवी फुटली की मगच.

परतीच्या वाटेवर एका लहानशा रोपवाटिकेत चिकूची कलमं दिसली आणि दोन दिवसांचा एक सुटा धागा हाताला लागला. कमाटीबागेत जिचं नाव विचारलं होतं ती रायण, आपली खिरणी, इथे चिकूचा खुंट, म्हणजे कलमाचा खालचा मुळांचा भाग, म्हणून वापरतात. खिरणी काटक, मुळं खोल, आयुष्य लांब. चिकूला तिच्यावर बसवलं की दुष्काळातही झाड उभं राहतं. अडचण एकच, खिरणी फार सावकाश वाढते. बी रुजवल्यापासून पेन्सिलीएवढं खोड व्हायला दीड-दोन वर्षं जातात, म्हणून हे कलम महाग. पद्धत भेट कलमाची: कुंडीतलं खिरणीचं रोप चिकूच्या फांदीशेजारी टांगतात, दोघांच्या सालीचा दीड-दोन इंचांचा काप समोरासमोर जुळवून घट्ट बांधतात, आणि दोन-तीन महिन्यांनी जोड पक्का झाला की चिकूची फांदी खालून थोडी थोडी कापत आईपासून तोडतात. एकदम तोडली तर पानं गळतात.

कलम बांधून देताना रोपवाटिकेतल्या बाईंनी तीन गोष्टी बजावल्या. जोड मातीच्या वर चार बोटं राहू द्या, पुरला की कुजतो. जोडाखालून जे फुटेल ते खुंटाचं, दिसलं की लगेच खुडा, नाहीतर तीन वर्षांनी चिकूची वाट बघाल आणि खिरण्या खाल. आणि घरी नेलंत म्हणून लगेच लावू नका; आता सावलीत ठेवा, लावणी पहिल्या पावसानंतर.